आधी भाकर, मग वचन

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. रविवार होता. बंगळुरूमधल्या आमच्या चर्चमध्ये उपासना सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. सगळे उभे राहून गात होते, मीही गात होते. आणि अचानक माझा श्वास अडकला. छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, तळव्यांना घाम फुटला. वाटलं, पप्पांना झालं तेच आता मला होतंय. मी कशीबशी बाहेर आले आणि पायऱ्यांवर बसले. आतून गाण्याचा आवाज येत होता. देवाच्या दारात बसून मला मरणाची भीती वाटत होती. आणि भीतीपेक्षाही जास्त वाटत होती ती लाज.

लाज कसली? तर माझा विश्वास इतका कच्चा कसा, याची.

मैत्रिणीने दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, तो व्यवस्थित आला. डॉक्टर म्हणाले, "हृदयाला काही झालेलं नाही. पण झोप किती घेता?" मी खोटं सांगितलं, "सहा-सात तास." खरं तर मी दोन-तीन तासांच्या वर झोपतच नव्हते. सात महिने झाले होते.

सात महिन्यांपूर्वी माझे पप्पा गेले. वय अवघं छप्पन्न. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. सकाळी शाळेत जायला निघाले, गेटपाशी स्कूटर लावली आणि तिथेच बसले. हार्ट अटॅक. मी बंगळुरूहून नगरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. (नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं.)

दफनविधीच्या दिवशी मी रडले नाही. मम्मीला सावरायचं होतं, धाकट्या भावाची परीक्षा होती, येणाऱ्याजाणाऱ्यांचं बघायचं होतं. कबरस्तानात गाणं सुरू करायचं होतं तेव्हा सगळ्यांचे आवाज दाटले होते. मग मीच सुरुवात केली. आमच्या मराठी चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गायलं जाणारं गाणं, पप्पांचं आवडतं. नंतर लोक येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "किती खंबीर आहे पोरगी! याला म्हणतात विश्वास." 

मला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आणि तिथेच मी अडकले. ज्यांना लोक खंबीर म्हणतात, त्यांना रडायची सोय राहत नाही.

नवव्या दिवशी मी लॅपटॉप उघडून कामाला लागले. मी कंटेंट लिहिते. शॅम्पूची जाहिरात असो की इन्शुरन्सचा ब्लॉग, शब्द जुळवणं हे माझं काम. पण हळूहळू शब्द सापडेनासे झाले. एक ओळ लिहायला तास लागायचा. जेवणाची चव गेली. कपडे सैल व्हायला लागले. रात्री तीन वाजता डोळे उघडायचे ते उघडेच. मरावंसं वाटत होतं असं नाही, पण सकाळी जागच आली नाही तर बरं होईल, असं मात्र वाटायचं. हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नव्हतं. आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

चर्चमधल्या त्या प्रसंगानंतर आमच्या प्रार्थना-गटातल्या एका ताईंनी मला घरी बोलावलं. फार प्रेमळ बाई. माझ्यासाठी किती तरी वेळ गुडघ्यांवर बसून प्रार्थना केली. मग म्हणाल्या, "बघ, भीती देवाकडून येत नाही. तुझ्या प्रार्थनेत कुठे तरी कमी पडतंय. तीन दिवस उपास कर, सगळं निघून जाईल."

मी उपास केला. आधीच जेवण सुटलेलं, झोप उडालेली, त्यात उपास. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये पुन्हा तेच झालं, पहिल्यापेक्षा वाईट. ताईंना कळवलं तेव्हा त्यांचा मेसेज आला, "अजून प्रार्थना कर." त्या दिवसापासून मी प्रार्थना करायचीच सोडली. देवाला माझा कंटाळा आला असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

डिसेंबरमध्ये नाताळसाठी नगरला गेले. पप्पांशिवायचा पहिला नाताळ. मम्मीने तरीही दाराला तारा लावला होता, करंज्या केल्या होत्या. मी सगळ्यांसमोर हसत होते. पण आजीच्या नजरेतून काही सुटत नाही. माझी आजी म्हणजे पप्पांची आई, वय एकोणऐंशी. तरुणपणी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली आणि पुढे आयुष्यभर नर्स म्हणून राबली. माणसाच्या चेहऱ्यावरून ताप ओळखायची तिची सवय अजून गेलेली नाही.

दुसऱ्याच रात्री, तीनच्या सुमाराला, मी स्वयंपाकघरात अंधारात बसले होते. दिवा लागला. आजी काठी टेकत आली. काही विचारलं नाही. दूध गरम केलं, रात्रीची बाजरीची भाकरी त्यात कुस्करली, वर थोडा गूळ घातला आणि वाटी माझ्यासमोर ठेवली.

"खा."

"आजी, भूक नाही गं."

"भूक नसली तरी खा. एलीयालाही नव्हती."

तुमच्यापैकी अनेकांना एलीया माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. पवित्र शास्त्रातल्या जुन्या करारात एलीया नावाचा मोठा संदेष्टा आहे. कर्मेल डोंगरावर त्याने एकट्याने शेकडो खोट्या संदेष्ट्यांना तोंड दिलं. एवढा धीराचा माणूस. पण लगेचच राणीने त्याला मारून टाकायची धमकी दिली आणि तो जीव घेऊन पळाला. रानात दिवसभर चालला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे झालं, मला मरण दे. ही गोष्ट राजे यांच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात आहे.

ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत दहा वेळा तरी ऐकली असेल. पण त्या रात्री आजीने एक प्रश्न विचारला, तो मला कोणीच विचारला नव्हता.

"मग देवाने काय केलं?"

"देवदूत पाठवला."

"आणि देवदूताने काय सांगितलं? तुझा विश्वास कमी पडतो म्हणाला? उपास कर म्हणाला?"

मी आठवून पाहिलं. देवदूताने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्याने एलीयाला हात लावून उठवलं आणि खायला सांगितलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. एलीयाने खाल्लं आणि तो पुन्हा झोपला. देवदूताने झोपू दिलं. मग परत उठवून परत खाऊ घातलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. देव त्याच्याशी बोलला तो नंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर आणि तेही अगदी हळू आवाजात.

"आधी भाकर, मग वचन," आजी म्हणाली. "हॉस्पिटलात आम्हाला हेच शिकवलं होतं. उपाशी पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून बायबल वाचायचं नसतं. आधी पेज द्यायची, अंग पुसायचं, चादर बदलायची. त्याला झोप लागली की मग खुर्चीवर बसून त्याच्यासाठी मनात प्रार्थना करायची."

मी वाटी संपवली. मग सगळं सांगून टाकलं. पायऱ्या, लिफ्ट, उपास, सकाळी जाग न येण्याचा विचार, सगळं.

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लोक तुला खंबीर म्हणाले ना? मलाही म्हणाले. पोटचा पोरगा मातीत ठेवला, मी कोणासमोर रडले नाही. नर्स ना मी! पण रोज पहाटे त्याच्या नावाने हाक मारायला तोंड उघडते आणि मिटते."

माझं सगळं लक्ष मम्मीकडे आणि भावाकडे. आजीचा मुलगा गेलाय, हे इतक्या महिन्यांत माझ्या नीट लक्षातच आलं नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडलो. आवाजाने मम्मी उठून आली. काही न विचारता तीही शेजारी बसली.

सकाळी आजीने फर्मान काढलं, "आज डॉक्टरकडे जायचं." मम्मी कचरली. "मानसोपचारवाल्याकडे? कोणी पाहिलं तर? उद्या स्थळं यायची आहेत तिला." आजी म्हणाली, "पाय मोडला असता तर लपवला असतास का?"

आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या केल्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. कारण थकवा, धडधड, उदासपणा यांच्यामागे कधी कधी शरीराचंही कारण असतं. माझं बी-१२ कमी निघालं, पण तेवढ्यावर सगळं भागणार नव्हतं. मग मानसोपचारतज्ज्ञांनी तासभर ऐकून घेतलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. दुःख हा आजार नाही. पण झोप, भूक आणि काम तिन्ही इतके महिने बिघडलं, तर त्याला उपचार लागतात. मला नैराश्य होतं आणि त्यासोबत पॅनिक अटॅक येत होते. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, मधेच मनाने बंद करायच्या नाहीत, आणि सोबत समुपदेशन घ्यायचं.

गोळीचं पाकीट हातात आलं तेव्हा मात्र पुन्हा तीच टोचणी. गोळी घेतली म्हणजे देवावरचा भरवसा संपला का?

हा प्रश्न घेऊन मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेले. "सलाम, साहेब," म्हटलं आणि पुढे बोलताच येईना. त्यांनी चहा मागवला. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "बेटा, तुझी आजी जिथे शिकली ते मिरजेचं हॉस्पिटल डॉ. वॉनलेस यांनी कशासाठी उभारलं? नुसती प्रार्थना पुरली असती तर ऑपरेशनचं टेबल कशाला लागलं असतं? आपल्या लोकांनी शरीरासाठी दवाखाने काढले आणि मनाच्या दुखण्याला मात्र नुसता उपदेश देत राहिलो. ही आपलीच चूक."

मग त्यांनी मला स्टॅन्ली जोन्स यांच्याबद्दल सांगितलं. अमेरिकेतून भारतात आलेले हे मिशनरी सुरुवातीच्या वर्षांत कामाच्या ताणाने स्वतः कोसळले होते. पुढे ते जगभर नावाजले गेले. आणि याच माणसाने १९५० साली लखनौमध्ये 'नूर मंझिल' नावाचं मानसोपचार केंद्र सुरू केलं. जो स्वतः त्या अंधारातून गेला, त्याने प्रार्थनेच्या जोडीला मनाचे डॉक्टर आणले. मी गोळ्या घेत होते, पण त्याच वाटेवर होते. हे समजल्यावर त्या रात्री मी पहिली गोळी घेतली. घेण्याआधी जेवणाआधी करतो तशी छोटीशी प्रार्थना केली.

समुपदेशन ऑनलाइन, मराठीतून झालं. माझ्या समुपदेशक मॅडम ख्रिस्ती नाहीत. मला भीती होती की त्या माझ्या श्रद्धेला नावं ठेवतील. तसं काही झालं नाही. त्यांनी एकच विचारलं, "तुम्ही देवाशी सगळं बोलता का, की फक्त चांगलं चांगलं बोलता?"

मी चांगलंच बोलत होते. आभार, स्तुती, तुझी इच्छा पूर्ण होवो. खरं तर मला देवाचा प्रचंड राग आला होता, पण तो बोलायचा नसतो असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मॅडमच्या प्रश्नानंतर मी स्तोत्रसंहिता नव्याने वाचायला घेतली. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं म्हणजे सरळ सरळ तक्रार आहे. देवा, तू कुठे आहेस, किती वेळ लावणार आहेस, मला का विसरलास. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचं एक वाक्यही नाही. आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे रडणं, भांडणं, जाब विचारणं हीसुद्धा प्रार्थनाच. लाजाराला आपण पुन्हा जिवंत करणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या थडग्यापाशी जाताना तो रडलाच ना?

त्या दिवशी मी वहीत लिहिलं, "देवा, माझे पप्पा छप्पन्न वर्षांचे होते. त्यांनी कोणाचं वाईट केलं नव्हतं. मला तुझा राग आलाय." पान भरलं. वही मिटली. वीज कोसळली नाही. उलट कित्येक महिन्यांनी मला वाटलं की मी कोणाशी तरी खरंखुरं बोलले.

पाळकसाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या कायम लक्षात राहिली. जुना करार हिब्रू भाषेत लिहिला गेला. त्यात ज्या शब्दाचं भाषांतर आपण 'आत्मा' किंवा 'जीव' असं करतो, तो शब्द 'नेफेश'. त्याचा अर्थ शरीरात कोंडलेली वेगळी वस्तू असा नाही, तर श्वास घेणारं, भूक लागणारं, तहानलेलं, प्रेम करणारं अख्खं माणूस. मला आपला मराठी 'जीव' आठवला. जीव घाबरतो, जीव थकतो, जीव लागत नाही, जीव लावतो, जीव भुकेला होतो. कुठे शरीर संपतं आणि कुठे मन सुरू होतं, हे आपली भाषाही विचारत बसत नाही. मग बरं होणंही तुकड्यातुकड्यात कसं होईल? पोटाला भाकर, डोळ्यांना झोप, रक्ताला बी-१२, मनाला ऐकणारं माणूस आणि आत्म्याला देव, सगळं एकाच जिवाला हवं असतं.

एलीयाच्या गोष्टीतही शेवटी तेच आहे. भाकर मिळाली, झोप मिळाली, देवाचा हळू आवाज ऐकू आला. आणि त्यानंतर देवाने त्याला अलीशा नावाचा सोबती दिला. कारण आपण एकटेच उरलोय, ही त्याची मोठी तक्रार होती.

आता वर्ष होत आलं. मी पूर्ण बरी झाले असं लिहिणार नाही. गोळ्या सुरू आहेत, डॉक्टर हळूहळू डोस कमी करताहेत. पप्पांच्या वाढदिवसाला परत रात्रभर जागी होते. पण आता भीती आली की काय करायचं ते माहीत आहे. पाय जमिनीवर घट्ट टेकवते, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मनात घेते, श्वास हळू सोडते. श्वास आत घेताना 'प्रभू', सोडताना 'दया कर'. मॅडमनी श्वास शिकवला, शब्द मी घातले.

बंगळुरूच्या ताई अजूनही म्हणतात, "गोळ्या कधी सोडणार?" मी वाद घालत नाही. त्यांचं माझ्यावर प्रेम आहे हे मला कळतं. फक्त एवढंच सांगते, "ताई, तुम्ही प्रार्थना करा आणि येताना डब्यात थोडा भातही आणा." परवा त्या खरंच घेऊन आल्या. माझ्याबरोबर जेवल्या. उपदेश केला नाही.

आणि नगरच्या आमच्या चर्चमध्ये आता आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना पाळकसाहेब "मनाने थकलेल्यांसाठी" असंही म्हणतात. मम्मी सांगत होती, पहिल्या रविवारी ते शब्द ऐकून मागच्या बाकावरचे एक काका डोळे पुसत होते.

तुमच्या घरातही असं कोणी असेल, तर विश्वासाची परीक्षा घेऊ नका. "स्ट्रॉंग राहा" म्हणू नका. ताटात गरम काही तरी वाढा, शेजारी बसा, बोललं तर ऐका. जगणं नकोसं झाल्याचं कोणी बोललं, तर ते हलक्यात घेऊ नका, त्या माणसाला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या नंबरवर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं.

आणि तुम्ही स्वतःच त्या झुडपाखाली बसला असाल, तर मला तुम्हाला दुसरं काही सांगायचं नाही. आधी दोन घास खा. थोडं झोपा. देव थांबेल.